अवयव-दीर्घीकरण व श्राव्यातीत चित्रण

आखूड हाता-पायाचे हाड छेदून व त्याची टोके हळूहळू दूर सारून लांबी वाढविताना, फटीत तयार होणारे नवे हाड श्राव्यातीत ध्वनितरंगांनी पाहण्याची पद्धत. रूढ नाव सोनोग्राफी. हे दीर्घीकरण-तंत्र गाव्ह्रील इलिझारोव्ह (१९२१–९२) यांनी १९५० नंतर रशियातील कुर्गान येथे विकसित केले. छेदानंतर सु. ५–७ दिवसांनी, हाडातून घातलेल्या तारा व बाहेरील कडी यांच्या साहाय्याने टोके रोज सु. १ मिमी. (चार टप्प्यांत) दूर करतात. वेग फार झाल्यास नवे हाड नीट बनत नाही. कमी पडल्यास टोके अकाली सांधतात. फटीतील कोवळे ऊतक क्ष-किरण चित्रात आरंभी दिसत नाही. श्राव्यातीत चित्रात ते व त्यातील द्रवाने भरलेल्या पोकळ्या आधी दिसतात. त्यामुळे वेग वेळीच बदलता येतो व क्ष-किरणांचा वापर कमी होतो. हाडाचा पृष्ठभाग टणक झाल्यावर मात्र तरंग आत शिरत नाहीत; म्हणून पक्वता व सरळपणा क्ष-किरणांनीच ठरवितात.

उपचार अनेक महिने चालतो. नांदेड-लातूरकडील खेड्यांतल्या रुग्णास तपासणी जवळ झाल्यास पुष्कळ खेपा वाचतात; तथापि १९९४ च्या गर्भलिंगनिदान-प्रतिबंधक कायद्यान्वये हे यंत्र नोंदणीकृत ठिकाणीच वापरता येते.