‘नो सच पार्टिशन’ : संगणक सुरू होत नाही तेव्हा

एका रविवारी सकाळी संगणक कक्षातला कोपऱ्यातला जुना संगणक मी सुरू केला, तर काळ्या पडद्यावर तीनच ओळी आल्या : ‘एरर : नो सच पार्टिशन’, ‘एंटरिंग रेस्क्यू मोड’ आणि ‘ग्रब रेस्क्यू’. शेवटच्या ओळीपुढे एक रेघ लुकलुकत होती. उबुंटूचे नाव नाही, माऊसचा बाण नाही. याच संगणकात आपल्या अंकाच्या मराठी पानाचे अकरा लेख होते. टाइप करून झाल्यावर हस्तलिखिताचे कागद रद्दीत गेले होते.

घोटाळा माझ्याच हातून झाला होता. डिस्कवर जागा कमी पडते म्हणून आदल्या संध्याकाळी मी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवले आणि डिस्कचा एक रिकामा भाग, म्हणजे पार्टिशन, काढून टाकला. मोकळी झालेली जागा दुसऱ्या भागाला जोडणार, तेवढ्यात फॉलइनची शिट्टी झाली. संगणक बंद करून मी पळालो.

एका सीनियरने सल्ला दिला, “फॉरमॅट मार, अर्ध्या तासात नवाकोरा होईल.” संगणक नवा झाला असता, पण अकरा लेख गेले असते. मी सरांकडे गेलो आणि काय केले ते सांगून टाकले. सर संगणकापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “काय लिहिलंय ते मोठ्याने वाच.” मी वाचले. “यात डिस्क खराब झाली असं कुठे लिहिलंय?”

कुठेच लिहिले नव्हते. ते मी घाबरून स्वतःच ठरवले होते.

संगणक एका दमात सुरू होत नाही. रिले शर्यतीत बॅटन जसे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, तसे इथे काम पुढे सोपवले जाते. बटण दाबल्यावर पहिल्यांदा मदरबोर्डवरच्या चिपमधला बायोस जागा होतो. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचतो. हा तुकडा फक्त ५१२ बाइटांचा असतो. त्यातल्या ६४ बाइटांत डिस्कच्या भागांचा तक्ता असतो, २ बाइट खुणेचे असतात आणि उरलेल्या ४४६ बाइटांत सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम बसवावा लागतो. एवढ्या जागेत लिनक्स मावणे शक्य नाही. म्हणून हा छोटा प्रोग्रॅम शेजारच्या थोड्या मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो, तो डिस्कवरचे ‘बूट’ नावाचे फोल्डर शोधतो, तिथून मेनू दाखवतो आणि शेवटी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून त्याच्या हाती कारभार देतो.

मधल्या या सोपवासोपवीचे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी असतो तो ग्रब, म्हणजे ‘ग्रँड युनिफाइड बूटलोडर’. त्याची सुरुवात १९९५ मध्ये झाली, आणि आज वापरात असतो तो ग्रब-२. ‘बूट’ हा शब्द आपण रोज पॉलिश करतो त्याच बुटांवरून आला आहे. स्वतःच्या बुटाचा पट्टा धरून स्वतःलाच वर उचलणे, अशी ती कल्पना.

लिनक्स फक्त अशा जुन्या संगणकांवरच चालते असे नाही. इथे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ साली सुरू झालेला ‘परम प्रवेग’ हा ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा महासंगणकही लिनक्सवरच चालतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तो उभारला आहे.

आता माझी चूक. समजा, डॉर्मिटरीत पाच नंबरची खाट काढून टाकली आणि पुढच्या खाटांना नव्याने नंबर दिले. सहा नंबरवर झोपणारा कॅडेट आता पाच नंबरवर आला. पण निरोप्याच्या चिठ्ठीवर अजून ‘खाट सहा’च लिहिले आहे. तो येतो, सहा नंबर शोधतो आणि सांगतो, “असा नंबरच नाही.” कॅडेट पळालेला नाही, त्याचे सामानही जागेवर आहे. फक्त चिठ्ठी जुनी झाली आहे. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिले चार क्रमांक मुख्य भागांसाठी राखलेले असतात आणि पोटभाग पाचपासून मोजले जातात. मधला पोटभाग काढला की त्याच्या पुढचे क्रमांक एकाने खाली सरकतात. मी पाच नंबर काढला, सहावर असलेले लिनक्स पाचवर आले, आणि ग्रब सहावा शोधत राहिला.

म्हणजे ग्रबला नवा पत्ता सांगायचा, एवढेच काम होते. रेस्क्यू अवस्थेत ग्रबला मोजक्याच आज्ञा कळतात, पण तेवढ्या पुरतात. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरांत कराव्यात.

१. ‘एलएस’ : डिस्क आणि तिचे भाग यांची यादी मिळते. मला (एचडी०,एमएसडॉस१) आणि (एचडी०,एमएसडॉस५) हे दोन भाग दिसले. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो आणि भाग एकपासून.

२. ‘एलएस (एचडी०,एमएसडॉस५)/’ : त्या भागात काय आहे ते दिसते. शेवटची तिरकी रेघ विसरू नये. एक नंबरवर ‘अननोन फाइलसिस्टिम’ आले, पाच नंबरवर बूट, होम ही नावे दिसली. होम दिसल्यावर माझ्या जिवात जीव आला, कारण लेख त्यातच होते.

३. ‘सेट रूट=(एचडी०,एमएसडॉस५)’

४. ‘सेट प्रीफिक्स=(एचडी०,एमएसडॉस५)/बूट/ग्रब’ : हा नवा पत्ता.

५. ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि मग ‘नॉर्मल’ : नेहमीचा मेनू येतो.

मेनू आला आणि उबुंटू सुरू झाले. पण काम इथे संपत नाही. हा पत्ता ग्रबने फक्त तेवढ्यापुरता लक्षात ठेवलेला असतो. संगणक पुन्हा सुरू केला की परत तीच काळी पाटी. सरांनी आधी अकरा लेख पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला लावले आणि मगच पुढच्या दोन आज्ञा देऊ दिल्या : ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’. पहिलीने डिस्कवर नवी चिठ्ठी लिहिली जाते, दुसरीने मेनू नव्याने तयार होतो. पहिल्या आज्ञेत डिस्कचे नाव द्यायचे, भागाचे नाही. ‘एसडीए’ हे माझ्या संगणकातल्या डिस्कचे नाव. तुमचे वेगळे असेल तर आधी पाहून घ्यावे. नव्या यूईएफआय संगणकांत बूटलोडर डिस्कच्या पहिल्या तुकड्यात नसून एका वेगळ्या छोट्या भागात फाइल म्हणून असतो, त्यामुळे तिथे दुरुस्तीची रीत थोडी वेगळी आहे.

घरच्या संगणकावर दुसराच संदेश आला तर? ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असे आले, तर काम ग्रबपर्यंत पोहोचलेलेच नाही. आधी विसरलेला पेनड्राइव्ह काढून पाहावा, मग डिस्कची वायर. ‘नो सच डिव्हाइस’ म्हणजे ग्रब आहे, पण त्याला हवी ती डिस्क किंवा भाग सापडत नाही. ‘रेस्क्यू’ हा शब्द नसून नुसते ‘ग्रब’ दिसले, तर ग्रब नीट सुरू झाला आहे, मेनूची फाइल तेवढी सापडलेली नाही. प्रत्येक संदेश बॅटन कुठे पडले ते सांगतो. फॉरमॅट करा, असे यातला एकही संदेश सांगत नाही.

दुरुस्ती झाल्यावर सरांनी संगणक कक्षाचे रजिस्टर पुढे केले आणि नोंद मलाच लिहायला लावली : काय काढले, कोणाला न विचारता काढले, कसे दुरुस्त केले. त्याखाली मी डिस्कच्या भागांची नवी यादी लिहिली. आता त्या संगणकाच्या डिस्कला हात लावण्यापूर्वी ती यादी पाहायची आणि फाइलींची प्रत काढायची, असा नियम झाला आहे.

ते अकरा लेख याच अंकात आहेत.