पोरं पुन्हा पुन्हा बघतात म्हणून

सकाळी ७

मल्लेश्वरमहून व्हाइटफील्डला जायचं म्हणजे बंगळुरूचं एक टोक सोडून दुसरं गाठायचं. मंत्री स्क्वेअरला मेट्रोच्या हिरव्या लाइनवर चढायचं, मॅजेस्टिकला उतरून जांभळी पकडायची. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ही जांभळी लाइन व्हाइटफील्डपर्यंत सलग झाली आणि माझी सकाळ सुटसुटीत झाली. या प्रवासात मी फोन बघत नाही. पुढचे आठ तास डोळ्यांवरच जगायचं असतं.

मी मूळची बेळगावची. इथे एका पोस्ट-प्रॉडक्शन कंपनीत क्यूसी करते. ब्लू-रे डिस्कवर किंवा स्ट्रीमिंगवर जाणारा सिनेमा बाहेर पडण्याआधी तो पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत बघायचा आणि दोष लिहून काढायचे, हे काम. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा कौटुंबिक चित्रपट येतात, म्हणजे अ‍ॅनिमेशन, प्राण्यांचे आणि लहान मुलांचे सिनेमे. हातातल्या चित्रपटाचं नाव सांगता येत नाही, करारच तसा असतो.

सकाळी ९

रात्रपाळीवाल्याकडून ताबा. तो जांभई देत सांगतो, "अक्का, दुसऱ्या रीलमध्ये आकाश बघ." एवढं बोलून तो जातो. मी दिवे मंद करते, मॉनिटर तापू देते, रंगपट्ट्या लावून रंग जागेवर आहेत ना ते पाहते. हेडफोन चढवते.

सकाळी ९:३०

नव्वद मिनिटांचा सिनेमा म्हणजे २४ फ्रेमच्या हिशोबाने १,२९,६०० फ्रेम. ब्लू-रेची एक फ्रेम १९२० बाय १०८० ठिपक्यांची, म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके. आपल्याकडच्या जुन्या व्हीसीडीची फ्रेम होती ३५२ बाय २८८, लाखभर ठिपक्यांची. शिवाय एका व्हीसीडीत फार तर ८० मिनिटं मावत, म्हणून सिनेमा ऐन रंगात आला की कुणीतरी उठून डिस्क बदलायची. २००७ साली मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली, तेव्हा कुठे अस्सल डिस्क सामान्य घरांना परवडू लागली. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण तिने घरोघरी सिनेमा नेला हे विसरू नये.

पहिला फेरा न थांबता. दोष दिसला की नुसता टाइमकोड टिपायचा.

दुपारी १२

आता ते आकाश.

रात्रीचा प्रसंग आहे. गडद निळं आकाश वरून खाली हळूहळू फिकट होत जातं, मधोमध चंद्र. थिएटरमध्ये हे सुंदरच दिसलं असणार. इथे मात्र चंद्राभोवती कांद्याच्या चकतीसारखी वलयं उठलेली दिसतात. याला आम्ही बँडिंग म्हणतो. ब्लू-रेवर प्रत्येक रंगाला आठ बिट मिळतात, म्हणजे काळ्यापासून लख्खपर्यंत फार तर २५६ पायऱ्या. त्यांपैकी गडद निळ्याच्या वाट्याला मोजक्याच आल्या, तर निळा पसरत नाही, पायरीपायरीने उतरतो. माणसांचा सिनेमा फिल्मवर चित्रित झालेला असेल तर तिच्या दाण्यात हे लपून जातं. अ‍ॅनिमेशनचं आकाश अगदी नितळ असतं, तिथे लपायला जागा नाही.

मी फ्रेम गोठवते, पुढे-मागे करते. वलयं मास्टरमध्येच, म्हणजे मूळ प्रतीतच, आहेत की कॉम्प्रेशनमध्ये आली, हे ठरवल्याशिवाय कुणावर बोट ठेवता येत नाही. म्हणून मास्टर शेजारी लावते. मास्टरमध्येही फिकटशी आहेत, पण कॉम्प्रेशननं ती ठळक केलीत. उपाय माहीत असतो. त्या सव्वा मिनिटाला जास्त बिटरेट द्यायचा आणि चित्रात किंचित दाणा मिसळायचा, म्हणजे कडा विरघळतात. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मुभा आहे. डीव्हीडीला १०सुद्धा नव्हती.

सव्वा मिनिटाच्या आकाशासाठी एवढं का, असं नवी मुलं विचारतात. मोठा माणूस सिनेमा एकदा बघतो, फार तर दोनदा. पोर तोच सिनेमा रोज लावतं, जेवताना लावतं, आजारी पडलं की लावतं. चंद्राभोवतीची वलयं त्याला पाठ होतील आणि चंद्र असाच असतो असं त्याला वाटेल. म्हणून मी शेरा ‘किरकोळ’ न देता ‘दुरुस्त करा’ असा देते.

दुपारी १:३०

"ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का? इथे कुणी भेटलं की हाच पहिला प्रश्न. शेजारच्या खुर्चीतला सहकारी मंगळूरचा, पलीकडची चेन्नईची. डबे उघडले की भाषांच्या ट्रॅकवर बोलणं येतंच. आजच्या कामाच्या यादीतही हिंदी, तमिळ, तेलुगू आहेत. कन्नड नाही, मराठी नाही.

मंगळूरकर ‘द जंगल बुक’ची गोष्ट काढतो, आणि ती मलाही तितकीच झोंबते. २०१६च्या त्या चित्रपटातले प्राणी संगणकावर घडवणाऱ्यांत एमपीसी या व्हीएफएक्स कंपनीच्या बंगळुरू स्टुडिओतले कलाकार होते. भारतात तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला. ज्या शहरात ते प्राणी घडले तिथल्या मुलांना तो कन्नडमध्ये ऐकायला मिळाला नाही. हिंदीत शेरखानला आवाज दिला नाना पाटेकरांनी. शेरखान बोलला मराठी माणसाच्या आवाजात, पण मराठीत नाही.

कन्नडचं कारण वेगळं होतं. कर्नाटकात डबिंगला चित्रपटसृष्टीचा अनेक दशकांचा विरोध होता. २०१५ साली स्पर्धा आयोगाने या अडवणुकीविरुद्ध निकाल दिला, त्यानंतर हळूहळू डब केलेले चित्रपट येऊ लागले. मराठीला असं कुणी अडवलं नव्हतं. आमच्या मुलांना हिंदी समजतं, एवढ्यावरच विषय मिटवला गेला. हे मला पटत नाही. हिंदी समजणं निराळं आणि चार वर्षांच्या पोराला आपल्या घरच्या भाषेत अस्वलाचं बोलणं ऐकायला मिळणं निराळं.

दुपारी २:३०

फ्लॅश टेस्ट. १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळे झोत लागोपाठ लखलखले आणि सहाशेहून अधिक लोकांना, मुख्यतः मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं. तेव्हापासून मुलांच्या चित्रपटांत ही तपासणी कुणी हसण्यावारी नेत नाही. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त ठळक लखलखाट झाले की सॉफ्टवेअर लाल रेघ ओढतं. आज वादळाच्या प्रसंगात एक रेघ आली. हा निर्णय माझा नाही, वर कळवायचं.

दुपारी ३:३०

मेनू. हे काम कंटाळवाणं, पण आवश्यक. रिमोटवर वाटेल ती बटणं दाबायची, दोन एकदम दाबायची, भाषा बदलता बदलता पुढे पळवायचं. पोरं हेच करतात. डिस्क अडकली तर आईबापांना हाक जाते.

मग देशोदेशीच्या आवृत्त्या. ‘इनसाइड आउट’मध्ये चिमुकल्या रायलीला ब्रोकोली आवडत नाही. जपानी आवृत्तीत तिथे हिरवी ढोबळी मिरची आहे, कारण तिथली मुलं ब्रोकोली आनंदाने खातात. अशा बदललेल्या फ्रेम डिस्कवर वेगळ्या ठेवता येतात आणि भाषा निवडली की प्लेअर त्या त्या जागी उडी मारतो. उडी दिसता कामा नये, आवाज अडखळता कामा नये. एकूण एक सांधा तपासायचा.

सायंकाळी ५:३०

बाय-टू कॉफी. अर्धी मला, अर्धी मंगळूरकराला. कॉफीवर अजूनही टेक्निकलर या व्हीएफएक्स कंपनीचा विषय निघतो. तिच्याकडे ‘पुस इन बूट्स’साठी काम केलेली मंडळी या शहरात आहेत. २०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर कोलमडली, एमपीसीही तिचाच भाग, आणि भारतातले हजारो कलाकार एका आठवड्यात रस्त्यावर आले. त्याच महिन्यात सोनीने रेकॉर्ड करता येणाऱ्या कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. धंदा आटतो आहे, हे खरं. पण डिस्क घरात असली की ती तुमची असते. स्ट्रीमिंगवरचा सिनेमा करार संपला की निघून जातो आणि पोराला त्याचं कारण समजावता येत नाही.

रात्री ९:३०

लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे नऊ. घरूनच कॉल. आकाश दुरुस्त होणार, वादळाचा प्रसंग मंद करणार. पंधरा मिनिटांत विषय संपतो.

मग मी माझ्यासाठी काहीतरी बघते. परवा टीव्हीवर एक जुना मराठी कौटुंबिक चित्रपट लागला होता. पात्रं हलली की कडांना कंगव्याचे दाते, डोक्याचा वरचा भाग कापलेला, आवाज पाव सेकंद मागे. कधीकाळी टेपवर उतरवलेली प्रत ताणून मोठी केली की असंच होतं. माझ्या टेबलावर हा पहिल्या दहा मिनिटांतच परत गेला असता.

यात हतबल होण्यासारखं काही नाही. ३५ मिलिमीटर फिल्मवर हाय डेफिनिशनला पुरून उरेल इतका तपशील असतो. १९५३चा ‘श्यामची आई’, ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तोही चांगल्या निगेटिव्हवरून स्कॅन केला तर आजच्या मोठ्या पडद्यावर उभा राहू शकतो. पण निगेटिव्ह टिकली पाहिजे. फिल्म दमटपणात कुजते, व्हिनेगरचा वास मारू लागते, आणि तशी कुजलेली परत येत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी, कपाटात, गोदामात मराठी चित्रपटांचे डबे पडून आहेत, त्या निर्मात्यांना आणि त्यांच्या वारसांना माझी विनंती आहे. डबे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दाखवा. नवी प्रत काढायची झाली तर टेपवरून काढू नका, फिल्मवरून काढा, आणि बाजारात आणण्याआधी एखाद्या क्यूसीवाल्याला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू द्या.