पावसाळ्यातील ड्रायर : काळजी कशी घ्यावी, बिघाड कसा ओळखावा

मृग लागला की शेतात तरवा हिरवा होऊ लागतो आणि घरात पडवीच्या दोरीवरचे कपडे कुबट होऊ लागतात. खानापूर-जांबोटीकडचा पाऊस असो की गोव्याचा, आषाढात सलग आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. पूर्वी आमच्या आया चुलीवर बांबू टांगून त्यावर कपडे वाळवीत. आता पुष्कळ घरांत दोन टबांचे धुण्याचे यंत्र आले आहे. एका टबात धुवायचे आणि शेजारच्या लहान टबात, म्हणजे ड्रायरमध्ये, पिळायचे. खरे सांगायचे तर धुणे दगडावरही होते. पावसाळ्यात यंत्राचा खरा आधार वाटतो तो ड्रायरचाच.

आणि नेमका ऐन पावसातच तो बंद पडतो. अशा वेळी ध्यानात ठेवावे की ड्रायरच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. काहींना एक पैसाही लागत नाही, घरच्या माणसाने नीट पाहिले की झाले. काहींना मात्र आपण हातच लावू नये. या दोहोंतला फरक घरातील प्रत्येकाला कळावा, एवढ्यासाठीच हा लेख.

ड्रायर काय करतो?

ओली छत्री गरगर फिरवली की थेंब चोहीकडे उडतात. ड्रायरचे काम तसेच आहे. भोके असलेला टब मिनिटाला सुमारे १३०० फेरे घेतो, कपड्यांतील पाणी भोकांतून बाहेर फेकले जाते आणि नळीवाटे निघून जाते. यात उष्णता मुळीच नसते. म्हणून कपडे निथळलेले पण दमट निघतात. "आमचा ड्रायर वाळवीत नाही," अशी तक्रार पुष्कळजण करतात. तो दोष नव्हे. ड्रायरमधून काढलेले कपडे झटकून, अंतर ठेवून, वारा लागेल तेथे टांगलेच पाहिजेत. दमट बनियन आणि चड्डी अंगावर तशीच घालून चिखलणीला गेल्यास जांघेत व काखेत नायटा धरतो, आणि एकाला झाला की टॉवेलावाटे घरभर फिरतो.

आखाती देशांत किंवा इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या नातेवाइकांकडे गरम हवेचा ड्रायर असतो. त्याची मुख्य काळजी वेगळी. त्यातील जाळीत कपड्यांचा पिंजलेला कापूस साचतो. तो प्रत्येक वेळी काढावा लागतो, नाही तर हवा कोंडते आणि तोच कापूस पेट घेऊ शकतो. आपल्याकडील पिळणाऱ्या ड्रायरला ही भीती नाही; त्याचे शत्रू आहेत पाणी, असमान भार आणि सदोष वायरिंग.

फिरत नसेल तर

प्रथम वीज आहे का, प्लग घट्ट बसला आहे का, हे पाहावे. मग झाकण पाहावे. झाकणाखाली एक लहान स्विच असतो. झाकण पूर्ण बसल्याखेरीज तो मोटारला वीज देत नाही. झाकणाच्या बिजागरीत टॉवेलाचे टोक अडकले तरी ड्रायर मुका राहतो.

दुसरी गोष्ट नळीची. ड्रायरचे पाणी पंपाने नव्हे, उताराने जाते. नळी जमिनीलगत, सरळ आणि मोकळी हवी. ती वर टांगली, मुरडली किंवा तिच्यात गाळ बसला तर पाणी बाहेरच्या टबात साचते, आतला टब पाण्यात घुसळत राहतो आणि वेग घेत नाही. गेल्या आषाढात आमच्याच घरी असे झाले. दोन दिवस खटपट करून शेवटी शहरातून मेकॅनिक बोलावला. त्याने यंत्र उघडलेही नाही. मागे ठेवलेले कोंड्याचे पोते नळीवर कलंडले होते, ते उचलले आणि येण्याजाण्याचे पैसे घेऊन तो गेला! तेव्हापासून आम्ही आधी नळी पाहतो. धुण्याच्या टबाचे पाणी सोडलेले असताना ड्रायर चालवू नये, हेही लक्षात असावे. दोन्हींची नळी बहुधा एकच असते.

तिसरी गोष्ट दाबाची. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची धरलेली आहे, पण शिवारातील पंप सुरू झाले की गावात ती १८० पर्यंत उतरते. १८० व्होल्टवर मोटारचा जोर पाचव्या हिश्शाने नव्हे, तर जवळजवळ दोन पंचमांशाने कमी होतो. मग ती नुसती घुमते, फिरत नाही, आणि घुमत राहिली तर तापून जळते. दिवे मंद दिसत असतील तर ड्रायर लावू नये. पंप बंद होण्याची वाट पाहावी.

दाब ठीक, नळी मोकळी, भार बेताचा, तरीही मोटार घुमते आणि टब हलत नाही, असे झाल्यास ब्रेक अडकला असावा किंवा कपॅसिटर, म्हणजे मोटारला सुरुवातीचा धक्का देणारी डबी, निकामी झाली असावी. हे काम मेकॅनिकचे. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून मागचे पत्रे स्वतः उघडू नयेत.

आदळत असेल तर

यंत्र थडथड उडू लागले की दहापैकी नऊ वेळा दोष कपडे भरण्यात असतो. जड कपडे तळाशी, हलके वर, आणि सगळे कडेने सारखे पसरून बसवावेत. वर प्लॅस्टिकची चकती दाबावी. ती अडगळीत फेकू नये. एकटी जीन्स किंवा एकटा टॉवेल टाकला तर तोल जातोच, जोडीला दुसरा कपडा घालावा. भिजलेली गोधडी ड्रायरमध्ये कोंबू नये. जमीन उंचसखल असेल तर यंत्राच्या पायाखाली लाकडाची घट्ट फळी द्यावी, विटेचे तुकडे नकोत. खिशातील नाणी, पिना, खिळे आधी काढावेत. ते दोन टबांच्या फटीत पडले तर खरखर आवाज येतो आणि नळी तुंबते.

खाली पाणी ठिबकत असेल तर

ड्रायरच्या बाजूस, यंत्राच्या पोटाखाली पाणी दिसले आणि नळी फाटलेली नसेल, तर टबाच्या दांड्याभोवतीचे रबरी सील गेले असे समजावे. हे सील स्वस्त असते, पण त्यातून गळणारे पाणी थेट मोटारवर पडते. आज सील बदलले नाही तर उद्या मोटार बदलावी लागते. पाणी आणि मोटार एकत्र आली की विजेचा धोकाही वाढतो. तेव्हा ठिबक दिसताच वापर थांबवावा.

पावसात उंदीरही आडोसा शोधतात. धान्याच्या घरात तर ते यंत्राच्या पोटात शिरून वायर कुरतडतात. तळाशी जाळी बसवून घ्यावी.

झाकण, ब्रेक आणि मुलांचे हात

चालू ड्रायरचे झाकण उचलले की वीज तुटून ब्रेक लागला पाहिजे आणि काही सेकंदांत टब थांबला पाहिजे. झाकण उघडूनही टब बराच वेळ गरगरत असेल तर ब्रेकची तार किंवा त्याचे रबर झिजले आहे. तशा ड्रायरमध्ये मुलाने हात घातला तर फिरत्या कपड्याचा पिळा बोटांना, मनगटाला क्षणात गुंडाळतो. अडलेला टब हाताने ढकलून सुरू करणे, झाकणाचा स्विच काडी खोचून कायमचा दाबून ठेवणे, असले उपाय कोणी शिकवले तरी करू नयेत.

"थोडा करंट मारतो"

हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. "चप्पल घालून लावतो, काही होत नाही," असेही सांगतात. वाचकहो, झिणझिण्या ही शेवटची सूचना समजा. ओले हात, ओली फरशी आणि पत्र्याचे यंत्र, यात आज झिणझिणी तर उद्या जीव जातो. ताबडतोब मेन स्विच बंद करून प्लग काढावा आणि वायरमनला बोलवावे.

तीन पिनांचा प्लग असला म्हणजे अर्थिंग आहेच असे नाही. पुष्कळ जुन्या घरांत सॉकेटच्या मोठ्या भोकामागे तारच नसते. पूर्वी लोखंडी नळाला तार बांधीत. आता नळ प्लॅस्टिकचे झाल्यावर त्या तारेचा उपयोग उरला नाही. अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडणे तर फार धोक्याचे. घराला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा असावा आणि मेन बोर्डावर ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. बसवावी. जाणारी व परतणारी वीज सारखी नसेल तर ती क्षणार्धात प्रवाह तोडते. साधा फ्यूज हे काम करीत नाही. तो कित्येक अँपियरला उडतो, आणि माणसाला मारायला एका अँपियरचा विसावा भागही पुरतो.

कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नये. आधी मेन बंद करावा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर सारावे.

शेतातील कपडे

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते हातमोजे घालून वेगळे धुवावेत. यंत्रात धुतलेच तर नंतर साबणाच्या पाण्याने दोन्ही टब एकदा रिकामेच धुऊन काढावेत. पेट्रोल किंवा रॉकेल सांडलेले कपडे ड्रायरमध्ये घालूच नयेत; त्यांची वाफ ठिणगीने पेटते. चिखल, कुसळे आणि तूस आधी बाहेर झटकावे.

रोहिणी नक्षत्रात आपण नांगर, पंप आणि छप्पर पाहून घेतो. त्याच दिवसांत एकदा नळी, झाकण, ब्रेक, सील आणि अर्थिंग पाहून घ्यावे. वायरमनची एक खेप महाग वाटेल, पण घरातले सगळे त्याच ओल्या फरशीवर वावरतात, हे विसरू नये.