घोडं पेंड खातंय कुठं?

मैत्रिणींनो, तुमच्या बैठकीच्या खोलीत सात पांढऱ्या घोड्यांचं चित्र आहे का? हिंगोलीत मी ज्या ज्या घरी हळदी-कुंकवाला जाते, त्यातल्या निम्म्या घरांत तरी ते असतंच. कुणी वास्तुशास्त्रात वाचलेलं, कुणाला गृहप्रवेशात भेट आलेलं. कोणत्या भिंतीवर लावायचं, तोंड कुठल्या दिशेला हवं, हे आपल्याला पाठ असतं. पण ते चित्र कधी नीट बघितलंय? एकदा बघाच. बऱ्याच चित्रांत घोड्यांच्या पायाखाली फेसाळ लाटा नाहीतर धुळीचे लोट असतात, आणि खूर कुठे दिसतच नाहीत! सातही घोड्यांचं तोंड एकसारखं. म्हणजे काढायला जे अवघड, ते चित्रकारानं बेमालूम झाकून टाकलेलं.

घोडा काढणं अवघडच. म्हणून तर जनावरांची चित्रं काढणाऱ्याची खरी परीक्षा घोड्यापाशी होते असं म्हणतात. आणि म्हणूनच आजचा हा लेख घोड्यावर!

तशी घोड्याशी आपली ओळख जुनी आहे. रथसप्तमीला पाटावर किंवा अंगणात आपण सूर्याचा रथ काढतो, त्याला सात घोडे असतात. देवघरातल्या टाकावर खंडोबा घोड्यावर बसलेला असतो. नवरदेव घोड्यावरून येतो. रुखवतात काड्यापेटीच्या काड्यांची घोडागाडी मांडलेली असते. आपल्या गावाचंच बघा ना. निजामाच्या काळात हिंगोलीत लष्कराची छावणी होती. छावणी जाऊन शंभर वर्षं उलटली, तरी रिसाला, पलटण, तोफखाना ही नावं अजून आपल्या तोंडी आहेत. रिसाला म्हणजे घोडदळ. म्हणजे भाजी आणायला आपण घोडदळाच्याच वस्तीतून जातो!

आमच्या बचत गटात गेल्या वर्षी आम्ही शनिवारी दुपारी दोन तास चित्रं काढायचं ठरवलं. हिशेबाच्या वह्या आवरल्या की कोरे कागद काढायचे. चौदा जणी आहोत. कुणी हळद शिजवायच्या दिवसांत शेतावर जाणारी, कुणी शिवणकाम करणारी, कुणी पापड लाटणारी. पहिल्या दिवशी सगळ्यांचं एकच म्हणणं, "ताई, आम्हाला काय येतंय?" पण हातात पेन्सिल दिली तर मोर, पोपट, हत्ती, हरिण असं भराभर निघालं. का नाही निघणार? रांगोळीनं हात बसलेला आहे. मग मी म्हटलं, "आता घोडा काढा बरं." झालं! कुणाचं कुत्रं झालं, कुणाचं गाढव, एकीच्या घोड्याचे पाय टेबलासारखे सरळसोट. हसून हसून पुरेवाट झाली.

इथेच तर घोडं पेंड खातं! मोर-पोपट आपण काढतो ते दुसऱ्या रांगोळीतून उचललेले. तो मोर आपण पाहिलेला नसतो, पाठ केलेला असतो. घोड्याला असा तयार नमुना हाताशी नाही, तिथे बघावंच लागतं. चित्रकलेची खरी सुरुवात या बघण्यापासून होते.

घोडा उभा असतो नखावर

बघायचं म्हणजे काय बघायचं? एक गंमत सांगते. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो गुडघा आपल्याला वाटतो, तो गुडघा नाहीच. आपल्या हाताच्या मनगटाशी जुळणारा तो सांधा आहे. मागच्या पायाला जो सांधा उलटा मोडल्यासारखा दिसतो, ती त्याची टाच. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. आणि खूर म्हणजे एका बोटाचं मोठं नख. म्हणजे एवढं चार-पाच क्विंटलचं जनावर चार बोटांच्या नखांवर उभं असतं! हे एकदा कळलं, की घोड्याचे पाय टेबलासारखे निघत नाहीत.

मापाची एक सोपी खूण आहे. घोड्याचं डोकं हे माप धरायचं. जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंतची उंची साधारण अडीच डोकी, आणि छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबीही तेवढीच. म्हणजे अंग आणि पाय मिळून जवळजवळ चौकोनात बसतात. रांगोळीला आपण ठिपके मोजतोच की, तसंच हे. शिंगरू काढायचं असेल तर मात्र हा हिशेब चालत नाही. जन्मतःच त्याचे पाय लांबलचक असतात आणि अंग इवलंसं.

मग कान बघायचे. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे वळतात. कान पुढे म्हणजे लक्ष आहे, मागे चिकटले म्हणजे राग आला. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकायला आलेली असतात. नुसते कान नीट काढले तरी जात ओळखू येते. उभ्यानं विसावलेला घोडा मागचा एक पाय सैल सोडून खुराचं टोक टेकवतो. तेवढा एक पाय जमला तरी चित्रातला घोडा दमलेला दिसतो.

पळणारा घोडा तर भल्याभल्यांना चकवून गेला. शेकडो वर्षं जगभरचे चित्रकार पळणाऱ्या घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेले काढत होते. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे लावून धावत्या घोडीचे फोटो काढले. तेव्हा कळलं, की चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात! आता तुमच्या भिंतीवरचे सात घोडे पुन्हा बघा. त्यांचे पाय ताणलेत की गोळा झालेत?

बाजारात उभी राहिलेली रोझा

बघायला घोडा हवा, आणि घोडा असतो बाजारात, जत्रेत, वरातीत, म्हणजे पुरुषांच्या गर्दीत. खरी अडचण ही आहे.

फ्रान्समध्ये रोझा बोनर नावाची एक चित्रकार होऊन गेली. जन्म १८२२ चा. लहानपणी तिला अक्षरं लागत नव्हती. तेव्हा तिच्या आईनं युक्ती केली. प्रत्येक अक्षराला त्या अक्षराचं एक जनावर काढायचं. मुलगी अक्षरंही शिकली आणि जनावरंही! पुढे तिला घोड्यांच्या बाजाराचं चित्र काढायचं होतं. पॅरिसच्या घोडेबाजारात ती दीड वर्ष आठवड्यातून दोनदा जात होती. बाई दिसली की लोक टोकणार, म्हणून पुरुषाच्या वेशात जायची. त्या काळी पॅरिसमध्ये बाईला पँट घालायची तर पोलिसांचा परवाना लागे! रोझाकडे असा परवाना होता, आणि तो दर सहा महिन्यांनी नवा करावा लागे.

'घोडेबाजार' हे तिचं चित्र १८५३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं. आठ फूट उंच आणि साडेसोळा फूट रुंद! घोडे उसळतायत, माणसं लगाम ओढतायत, धूळ उडतेय. आणि हो, धूळ असूनही पाय झाकलेले नाहीत. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुलांच्या मोबाईलवर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट बघता येतं. १८६५ साली फ्रान्सचा मोठा सन्मान तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री चित्रकार.

आपल्याला परवाना लागत नाही. पण खरं सांगा, माळेगावच्या जत्रेत वही घेऊन बसायची आपली हिंमत आहे? नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातलं माळेगाव आपल्याला काही परकं नाही. मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, घोडे, गाढवं, उंट, बैल असा मोठा बाजार असतो. आपण दर्शन घेतो, बांगड्या भरतो, रेवड्या घेतो आणि परततो. घोडेबाजारात नवरा आणि दीर जाऊन येतात.

यंदा आम्ही सहा जणी ठरवून तिकडे गेलो. घोळक्यानं गेलो, सतरंजी टाकली आणि बसलो. सुरुवातीला पोरं जमली, शेरेबाजी झाली. अर्ध्या तासानं कुणाला आमचं अप्रूप उरलं नाही. अबलख, कुमेद, पंचकल्याणी हे शब्द नुसते ऐकले होते, ते तिथे डोळ्यांनी बघितले. एका म्हाताऱ्या घोडेवाल्यानं आमच्या वहीत डोकावून म्हटलं, "ताई, तुमचं घोडं पुढच्या उजव्या पायानं लंगडतंय." त्यानं स्वतःच्या घोडीचा पाय उचलून वजन कसं पडतं ते दाखवलं. चित्रकलेच्या कुठल्या मास्तरानं एवढं सांगितलं असतं? ज्याचं पोट त्या जनावरावर आहे, त्याच्याइतका चांगला परीक्षक दुसरा नाही.

हुबेहूब की मनातला?

आमच्यातल्या एकीनं विचारलं, "फोटोसारखाच काढायचा तर मग फोटोच का काढू नये?" प्रश्न बरोबर आहे. याची उत्तरं आपल्याच महाराष्ट्रात आहेत.

अलिबागजवळच्या सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांनी पुण्यात शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा केला, १९२८ साली. त्यातल्या घोड्याच्या मानेचे स्नायू, नाकपुड्या बघितल्या की आता फुरफुरेल असं वाटतं. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. कोकणात सहलीला गेलात तर जरूर बघा. (आणि हो, पुतळ्यातल्या घोड्याच्या उचललेल्या पायांवरून स्वार कसा वारला ते कळतं, असं सांगतात ना? तसा कुठला नियम नाही.)

दुसरीकडे मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून ते पुढे आले. मोहरमच्या मिरवणुकीतला दुलदुल त्यांनी लहानपणी बघितला होता, पुढे १९५२ मध्ये चीनला गेले तेव्हा तिथले घोडे बघितले, आणि मग जन्मभर घोडे काढले. त्यांच्या काही चित्रांवरून मोठे वाद झाले, अखेरची वर्षं परदेशात गेली, २०११ साली लंडनला ते वारले. त्यांचा घोडा मोजायला गेलात तर कुठेच मापात बसत नाही. पण त्याची उधळण बघा! वर्षानुवर्षं बघितलेलं असलं, की मगच माप मोडता येतं.

आणि तिसरा घोडा वारल्यांचा. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की अंग झालं, चार रेघा म्हणजे पाय. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढलेला हा घोडा चक्क पळतो. लग्नाच्या चौकात पालघट देवीजवळ घोड्यावरचा देव काढतात.

नाव कुणाचं?

वारली चौक काढायचा मान पिढ्यान् पिढ्या सुवासिनींचा होता. १९७० नंतर ही चित्रं कागदावर आली, शहरात गेली, विकली जाऊ लागली. जिव्या सोमा म्हसे यांचं नाव जगभर झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ते योग्यच झालं, त्यांची कला तेवढी मोठी होतीच. पण त्यांच्या आधी शेकडो वर्षं भिंती रंगवणाऱ्या बायकांचं काय? एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. लग्न झालं, भिंत सारवली, चित्र गेलं.

आपलंही तेच आहे ना? रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते, रुखवत लग्नानंतर माळ्यावर जातं. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीनं गल्लीतल्या निम्म्या मुलींची रुखवतं केलीत, कधी पैसे घेतले नाहीत, कधी नाव सांगितलं नाही. माळेगावहून आल्यावर तिनं रोज रात्री भांडी आवरली की अर्धा तास वही घ्यायची असं ठरवलं. आधी दारातली शेळी काढली, मग पोळ्याचे बैल आणि शेवटी घोडा. सासूबाई म्हणाल्या, "यानं काय पोट भरतंय का?" ती म्हणाली, "पोट नाही भरत आई, पण झोप चांगली लागते." आठ महिन्यांनी तिचा घोडा लंगडायचा थांबला. चित्र झाल्यावर खाली काय लिहू असं तिनं मला विचारलं. नवऱ्याचं नाव लिहू का, म्हणे! मी म्हटलं, "घोडा कुणी बघितला? ज्यानं बघितला त्याचं नाव."

तर मैत्रिणींनो, महागडे रंग आणायची गरज नाही. पाठकोरे कागद आणि मुलांची पेन्सिल पुरे. सुरुवात दारातल्या जनावरापासून करा, कारण ते रोज दिसतं. एकच जनावर पंधरा दिवस काढा. चित्र फाडू नका, तारीख घालून ठेवा; पहिलं आणि पंधरावं शेजारी ठेवलं की आपण किती पुढे आलो ते कुणी सांगावं लागत नाही. वरात आली की नवरदेवाबरोबर घोड्यालाही बघा. जत्रेला एकटीला अवघड वाटत असेल तर चौघी मिळून जा.

येत्या रथसप्तमीला सात घोडे काढाल तेव्हा त्यांना खूर काढा. आणि ते पुसलं जायच्या आत एकदा कागदावर उतरवून खाली सही करा. स्वतःची, पूर्ण नावाची!