दोन गाड्यांमधला सांधा



मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची ओळख आपणांस करून द्यावयास नको. पण त्याच नावाचा एक रस्ता हुबळीतही आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि धारवाड जिल्हा त्या वेळी याच इलाख्यात मोडत होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. राज्ये बदलली, रस्त्याचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

हुबळीच्या ऐन मध्यवस्तीतील या रस्त्यावर सकाळी घटकाभर उभे राहून येणारी-जाणारी माणसे पाहावीत. त्यांतील सगळीच काही हुबळीची नसतात. कोणी कुंदगोळहून आलेले असते, कोणी कलघटगीहून, तर कोणी नवलगुंदहून. कुणाला दुकानात कामावर जावयाचे असते, कुणाला दवाखान्यात, कुणाला कॉलेजात. शहराचा व्यापार शहरातल्या माणसांवर चालतो असे आपण समजतो. वस्तुतः त्याचा मोठा भार रोज सकाळी बाहेरून येणाऱ्या आणि संध्याकाळी परत जाणाऱ्या या माणसांवर असतो. तेव्हा ही माणसे शहरात कशी येतात, हा प्रश्न केवळ त्यांच्या सोयीचा नाही. तो साऱ्या प्रदेशाच्या भरभराटीचा आहे. त्याविषयीच आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

हुबळी आणि धारवाड ही वीस किलोमीटर अंतरावरची दोन शहरे. हुबळी व्यापाराची आणि रेल्वेची. तेथील रेल्वेचा कारखाना १८८५ सालचा, आणि २००३ पासून दक्षिण-पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही तेथेच आहे. धारवाड विद्यापीठाचे, शाळा-कॉलेजांचे आणि कोर्टकचेऱ्यांचे. १९६२ साली दोहोंची मिळून एकच महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या जुळ्या शहरांची वस्ती सुमारे ९ लाख ४३ हजार भरली. एकाकडे बाजार आणि दुसऱ्याकडे विद्या, अशी ही वाटणी असल्यामुळे दोन्ही शहरांमध्ये माणसांची ये-जा अखंड चालते.

या ये-जा करणाऱ्यांसाठी तेथे जलद बसगाड्यांचा स्वतंत्र मार्ग बांधण्यात आला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यावर गाड्या चाचणीदाखल धावू लागल्या आणि २ फेब्रुवारी २०२० रोजी त्याचे रीतसर उद्‌घाटन झाले. सुमारे बावीस किलोमीटरचा हा मार्ग रस्त्याच्या मधोमध आखलेला आहे. त्यावर इतर वाहनांना मज्जाव आहे. तिकीट गाडीत न काढता थांब्यावरच काढावयाचे असते, आणि फलाट गाडीच्या तळाइतका उंच असल्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांना पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. थांब्यांजवळ एक गाडी दुसरीला ओलांडून पुढे जाऊ शकते, म्हणून सर्व थांबे घेणारी गाडी आणि थेट जाणारी गाडी अशा दोन्ही तऱ्हा एकाच मार्गावर चालतात. या गाड्यांना ‘चिगरी’ असे नाव आहे. कानडीत चिगरी म्हणजे हरीण.

रस्त्याचा एक पट्टा केवळ बसगाड्यांना देणे ही उधळपट्टी आहे, असे मोटारवाल्यांस वाटते. त्यांच्यासाठी एक साधे गणित मांडतो. शहरातल्या एका पट्ट्यावरून तासाला दीड हजार मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, तर सव्वादोन हजार माणसे पुढे सरकतात. त्याच पट्ट्यावरून दर मिनिटाला साठ माणसांची एक बस सोडली, तर तासाला छत्तीसशे माणसे जातात. आणि दोन बसगाड्यांच्या मध्ये तो पट्टा रिकामा दिसतो तो दिसतोच! रस्त्याची किंमत त्यावर किती वाहने दिसतात यावरून ठरवावयाची नसते, किती माणसे पोहोचतात यावरून ठरवावयाची असते.

येथवर सर्व ठीक. पण एक उत्तम रस्ता म्हणजे वाहतुकीचे जाळे नव्हे. हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला ते शिकविले.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी शिकवीत होतो. नववीतील एक मुलगी रोज पहिल्या तासाला उशिरा येई. शाळा साडेदहाची, ही पावणेअकराला दारात उभी. हजेरीपटात तिच्या नावापुढे मी इमाने-इतबारे उशीर मांडीत असे. एके दिवशी रागावून विचारले, “तुझी गाडी रोजच कशी उशिरा येते?” ती म्हणाली, “सर, गाडी उशिरा येत नाही. ती वेळेवरच येते. पुढची गाडीसुद्धा वेळेवरच सुटते.” गावची गाडी दहाला पाच मिनिटे असताना स्थानकावर पोहोचे आणि शाळेकडे जाणारी शहर-बस तिच्याआधी पाचच मिनिटे सुटलेली असे. पुढची साडेदहाला. पायी जावे तर अंतर तीन कोसांचे, आणि गावाहून त्याआधीची गाडी पहाटे सहाची. दोन्ही गाड्या वेळेच्या पक्क्या. फक्त त्या दोन वेळांची एकमेकींशी गाठ कोणी घालून दिली नव्हती. पुढल्या वर्षी ती मुलगी शाळेत आली नाही. कारणे घरची, दहा असतील. पण रोज स्थानकावर वाया जाणारा तो वेळ त्या दहांत नव्हता, असे मला म्हणवत नाही.

रेल्वेत रूळ जेथे एकमेकांना मिळतात त्या जागेला सांधा म्हणतात आणि तो सांभाळणारा सांधेवाला. रूळ मैलोगणती पक्के असले तरी गाडी घसरते ती पुष्कळदा सांध्यावर. प्रवाशाचेही तसेच आहे. त्याचा प्रवास बिघडतो तो गाडीत बसल्यावर नव्हे, तर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाताना.

हा सांधा चार ठिकाणी जुळावा लागतो. पहिला जागेचा : उतरावयाची आणि चढावयाची जागा जवळ हवी, वाटेत छप्पर हवे, रहदारीचा रस्ता जीव मुठीत धरून ओलांडावा लागू नये. दुसरा वेळेचा. तिसरा तिकिटाचा : गाडी बदलली म्हणून पुन्हा पहिल्यापासून भाडे पडू नये. चौथा माहितीचा : पुढची गाडी कोणती आणि किती वाजता, हे कोणालाही न विचारता कळावे. यांतील एक जरी निखळला तरी बाकीच्या तिहींवर केलेला खर्च निम्मा फुकट जातो.

परदेशांत हे कसे साधले, पाहा. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९६५ साली निरनिराळ्या वाहतूक संस्था एका संघात एकत्र आल्या. प्रवाशाला तिकीट एक. जमा झालेले उत्पन्न संस्थांनी आपसांत ठरल्या प्रमाणाने वाटून घ्यावयाचे. म्हणजे हिशेबाची कटकट प्रवाशाच्या खिशातून निघून कचेरीच्या वह्यांत गेली, आणि तेथेच ती असावयास हवी. स्वित्झर्लंडने वेळेचा सांधा जुळविला. १९८२ पासून तेथील आगगाड्या ठरावीक अंतराने, दर तासाला त्याच मिनिटाला सुटू लागल्या. पुढे त्यांनी मोठ्या जंक्शनांवर सर्व दिशांच्या गाड्या तास भरण्याच्या थोड्या आधी याव्यात आणि तास भरल्यावर थोड्याच वेळाने सुटाव्यात, अशी योजना आखली. झुरिक आणि बर्न यांमधला प्रवास तासाहून थोडा अधिक होता, त्यामुळे ही गाठ पडेना. २००४ साली नवा लोहमार्ग खुला करून तो तासाच्या आत आणला. त्यांनी आधी वेळापत्रक ठरविले आणि मग त्याला लागेल तेवढाच रस्ता बांधला. आपण बहुधा आधी रस्ता बांधतो आणि वेळापत्रक मागाहून चिकटवितो.

आता या साऱ्याचा भरभराटीशी संबंध काय, असे कोणी विचारील. माणूस रोज साधारणपणे तासाभराच्या अंतरापर्यंतच कामाला जाऊ शकतो. त्या तासातली पंचवीस मिनिटे स्थानकावर गेली, तर त्याचे जग पस्तीस मिनिटांचे झाले. त्या वर्तुळाबाहेरची नोकरी त्याच्यापुरती नाहीच. आणि कारखानदाराच्या दृष्टीने त्या वर्तुळाबाहेरचा कुशल कामगारही नाहीच. सांधा जुळला की नवा कारखाना न काढता, नवा रस्ता न बांधता, हे वर्तुळ आपोआप मोठे होते.

सांधे जुळविण्यात अडचणी नाहीत असे नाही. मागून येणाऱ्या गाडीसाठी पुढची थांबवून ठेवली, तर आत बसलेल्यांचा खोळंबा होतो. खेड्यांतून येणाऱ्या गाड्या शहराच्या वेशीवरच थांबवून प्रवाशांना जलद बसमध्ये बसवावे, म्हणजे लॅमिंग्टन रोडसारख्या रस्त्यांवरची गर्दी कमी होईल, असे योजनाकार म्हणतात. आणि तेही खरेच आहे. पण भाजीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बाईला एकाऐवजी दोन गाड्या म्हणजे शिक्षाच वाटते. तिचेही चुकत नाही. जो प्रवाशाला गाडी बदलावयास लावतो, तो त्याचा ऋणकरी होतो. आणि ते ऋण लगेच मिळणाऱ्या पुढच्या गाडीने आणि एकाच तिकिटाने फेडावयाचे असते.

हुबळी-धारवाडला एक गोष्ट मोठी अनुकूल आहे. चिगरी काय, शहर-बस काय आणि खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या काय, त्या वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्याच आहेत. १९९७ साली स्थापन झालेल्या या महामंडळाची मुख्य कचेरीही हुबळीतच. हॅम्बुर्गला अनेक संस्थांची मने वळवावी लागली. येथे निदान बसगाड्यांपुरते तरी एकाच घरातले वेळापत्रक एकमेकांशी ताडून पाहावयाचे आहे. तिकिटाचा सांधा त्याहून नाजूक. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातील स्त्रियांना राज्य परिवहनाच्या साध्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास करता येतो, पण वातानुकूलित गाड्या त्या सवलतीत बसत नाहीत, आणि चिगरी वातानुकूलित आहे. खेड्यातून फुकट आलेल्या स्त्रीने पुढे पैसे मोजून लवकर पोहोचावे, की साध्या गाडीतून सावकाश जावे? दोन्ही योजना आपापल्या जागी चांगल्या. माझ्या विद्यार्थिनीच्या दोन गाड्यांसारख्याच. त्यांचीही गाठ कोणी तरी घालून द्यावयास हवी.

हे काम पुलाच्या कोनशिलेसारखे दिसत नाही. त्याचे उद्‌घाटन होत नाही, फीत कापली जात नाही. कोणी तरी टेबलाशी बसून दोन वेळापत्रके शेजारी ठेवावयाची आणि त्यांतील पाच-दहा मिनिटे मागे-पुढे करावयाची, एवढेच ते काम. पण तेवढ्या मिनिटांवर एखादे मूल शाळेत वेळेवर पोहोचते किंवा पोहोचत नाही. तेव्हा यापुढे नवा मार्ग, नवी गाडी, नवे स्थानक यांची घोषणा ऐकली म्हणजे आपण एक प्रश्न अवश्य विचारावा : येथे उतरल्यावर पुढची गाडी किती वाजता?