सेलिब्रिटीचं शूट मिळालं, पण हातात काय उरलं?



"सर, मला एका अभिनेत्रीच्या जाहिरातीचं शूट मिळालंय! चाळीस हजार!"

आपल्या बॅचमधल्या एका मुलाचा हा फोन. हा मुलगा कराडचा. सात वर्षं लग्नाचे व्हिडिओ करतो, हात चांगला आहे, माणूस प्रामाणिक आहे. एका दागिन्यांच्या शोरूमची दिवाळीची जाहिरात होती. मालिकांमधला ओळखीचा चेहरा मुंबईहून येणार होता आणि शूट होतं वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. हो, तोच नाना फडणवीसांच्या वाड्याचा घाट, जिथे २००४ च्या 'स्वदेस'चं शूटिंग झालं होतं.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "चाळीस हजारातले तुझे किती?"

तो म्हणाला, "सर, पैशाचं जाऊ द्या. नाव तर होईल ना!"

मित्रांनो, आजचा सगळा लेख या एका वाक्यावर आहे. तुम्ही व्हिडिओग्राफर असा, मेकअप आर्टिस्ट असा, डेकोरेशन करत असा नाहीतर केटरिंग. मोठं नाव दारात आलं की आपण हिशोबाची वही बंद करतो. त्याच्या या दोन दिवसांच्या दौऱ्यात काय काय झालं ते बघू. काही गोष्टी त्याने फार छान केल्या. एक गोष्ट मात्र महागात पडली.

आदल्या दिवशी पोचला, म्हणून वाचला

कॉल टाइम सकाळी ९ चा. कराडहून पहाटे निघूनही तो वेळेत पोचला असता. पण तो आदल्या दिवशी दुपारीच गेला. घाटावर बसून ऊन कसं फिरतं ते बघितलं. सकाळी पायऱ्यांवर प्रकाश सुंदर असतो, पण बाराच्या पुढे ऊन डोक्यावर येतं आणि चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. दुपारीसुद्धा सावली राहील अशी भिंतीकडेची एक जागा त्याने हेरून ठेवली. परवानगी कोणी काढली आहे, कागद कोणाकडे आहे, लाइट लावायला वीज कुठून मिळेल, हे सगळं विचारून घेतलं.

रात्री लॉजवर बसून त्याने २२ शॉट्सच्या यादीचे तीन भाग केले. 'अ' म्हणजे हे नसेल तर जाहिरातच होणार नाही, असे ८ शॉट. 'ब' म्हणजे असले तर छान. 'क' म्हणजे वेळ उरला तर.

हे का महत्त्वाचं? कारण लग्नात एखादा शॉट चुकला तर दुसऱ्या शॉटने भागवता येतं. इथे मॅडमची तारीख परत मिळत नाही.

चार तासांचे झाले १३० मिनिटं

मॅडमचा करार चार तासांचा होता. गाडीतून उतरल्यापासून घड्याळ सुरू. खंबाटकी घाटात ट्रॅफिक लागला आणि गाडी पोचली ११ वाजून २० मिनिटांनी. मॅनेजरने पहिल्यांदा काय सांगितलं असेल? "दादा, ३.२० ला पॅकअप. पुढे इव्हेंट आहे."

मेकअप, साडी, दागिने यात ८० मिनिटं गेली. जेवणाची ३०. उरली १३० मिनिटं आणि शॉट २२. सहा मिनिटांत एक शॉट होतो का? होत नाही. शोरूमच्या शेठजींचा चेहरा पडला होता. त्यांना पायऱ्यांवरून चालत येणारा तो मोठा शॉट सगळ्यात आधी हवा होता.

इथे आपल्या मुलाने धाडस केलं. तो शेठजींना म्हणाला, "शेठ, आधी बाइट घेऊ. आत्ता मेकअप ताजा आहे, मॅडम फ्रेश आहेत आणि आवाजाचं काम शांतपणे होईल. चालण्याचा शॉट शेवटच्या अर्ध्या तासातही मिळेल, तेव्हा ऊनही थोडं कललेलं असेल."

शेठजींनी ऐकलं. सावलीतल्या त्या जागेवर, एका बाजूला थर्माकोल धरून, बाइट झाली. मध्येच कोणीतरी देवळातली घंटा वाजवली. त्याने लगेच थांबवलं आणि नम्रपणे सांगितलं, "मॅडम, आवाज आला, एकदा परत." लाजून गप्प बसला असता तर ती घंटा एडिटिंगमध्ये निघाली नसती.

आडवी फ्रेम झाल्यावर त्याच जागी मोबाईलसाठी उभी फ्रेम वेगळी घेतली. आडव्या फ्रेममधून उभी रील कापायला गेलं की एकतर दागिने कापले जातात नाहीतर डोकं.

३.२० ला पॅकअप झालं तेव्हा 'अ'मधले आठही शॉट आणि 'ब'मधले सात हातात होते. म्हणजे १५. जाहिरात तयार होती.

डेटाचं गणित

त्याने फोर-के, १०० एमबीपीएसवर शूट केलं. म्हणजे तासाला साधारण ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचं मिळून अडीच तासांचं रेकॉर्डिंग, म्हणजे ११० जीबीच्या वर. दोन्ही कॅमेऱ्यांत दोन-दोन कार्ड, एकाच वेळी दोन्हींवर रेकॉर्डिंग. निघायच्या आधी लॅपटॉपवर एक कॉपी आणि हार्ड डिस्कवर दुसरी. परतताना लॅपटॉप त्याच्या गाडीत आणि हार्ड डिस्क सेकंड कॅमेरामनच्या बाईकवर. कार्ड फॉरमॅट केली ती फायनल व्हिडिओ पोचल्यावरच.

इथपर्यंत शंभरपैकी शंभर मार्क. आता वही उघडू.

हिशोब

मिळकत: ४०,००० रुपये.

खर्च:
- सेकंड कॅमेरामन: ४,०००
- हेल्पर: १,५००
- लेन्स, लाइट, वायरलेस माइकचं भाडं: ५,५००
- गाडी, डिझेल, टोल: ४,०००
- तिघांचा मुक्काम आणि जेवण: ३,५००
- संगीताचं लायसन्स: ३,०००
- नवीन हार्ड डिस्क: ४,५००

एकूण २६,०००. उरले १४,०००.

आता दिवस मोजा. तयारी आणि रेकीचा एक, शूटचा एक, एडिटिंगचे चार, आणि "जरा एवढं बदला" यात गेलेला एक. सात दिवस. म्हणजे दिवसाला २,०००. यात स्वतःच्या कॅमेऱ्याची झीज धरलेलीच नाही. समजा किट २,४०,००० चं आहे, तीन वर्षं चालेल आणि वर्षाला १२० दिवस शूट होईल, तर प्रत्येक शूटच्या दिवशी किटचेच साधारण ६७० रुपये वजा होतात. हे आपण कोटेशनमध्ये कधी लिहितो का?

तो म्हणाला, "सर, पण हे शो-रीलमध्ये टाकून पुढची कामं मिळतील."

बरोबर आहे. कमी पैशात केलेल्या कामाची खरी कमाई तीच होती. आणि तीच अडकली.

"दादा, ती रील काढून टाका"

जाहिरात आल्यावर त्याने मोठ्या अभिमानाने एक रील स्वतःच्या पेजवर टाकली, सेटवरच्या मागच्या गमतीजमतींसकट. दोन तासांत मॅनेजरचा फोन. मॅडमचा चेहरा वापरायचा हक्क फक्त शोरूमला आणि तोही ठरलेल्या मुदतीसाठी दिलेला आहे, तुम्ही काढून टाका.

त्याला वाईट वाटलं. "सर, मी शूट केलंय. माझाच व्हिडिओ मी टाकू शकत नाही?"

मित्रांनो, हे नीट समजून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पैसे घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून फिल्म बनवली असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो. कॅमेरा तुमचा, घाम तुमचा, पण वेगळं काही लिहून घेतलेलं नसेल तर व्हिडिओ त्यांचा. "करार नसेल तर" हे शब्द परत वाचा. म्हणजे करार करायची मुभा तुम्हाला आहेच. आपण करत नाही, एवढंच.

दुसरा धक्का पैशाचा. २०,००० ॲडव्हान्स आले होते. उरलेले २०,००० यायला ७० दिवस लागले. "शेठ बाहेरगावी आहेत", "अकाउंटंट सुट्टीवर आहे", "दिवाळी होऊ द्या". इकडे कॅमेऱ्याचा हप्ता काही थांबत नव्हता.

इथेही कायदा आपल्या बाजूने आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावेच लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत लिहून ठरवलेलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. सेवा देणारेही यात येतात, म्हणजे तुम्हीसुद्धा. पण त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. आपल्या मुलाने ती "नंतर करू" म्हणून ठेवली होती. ती काम घ्यायच्या आधी करायची असते.

कोटेशनमध्ये या पाच ओळी लिहा

१. काय देणार: किती व्हिडिओ, किती सेकंदांचे, आडवे की उभे, आणि किती वेळा बदल. दोनदा फुकट, तिसऱ्यापासून पैसे.

२. वेळ: शूट दिवस किती तासांचा. पाहुणे उशिरा आले तर जादा तासाचा दर किती.

३. पैसे: ५० टक्के तारीख पक्की करताना, ३० टक्के शूटच्या दिवशी, २० टक्के फायनल फाइल द्यायच्या आधी. तोवर नाव छापलेला, म्हणजे वॉटरमार्कचा प्रीव्ह्यू द्या.

४. वापर: जाहिरात कुठे आणि किती महिने चालणार. फक्त सोशल मीडियासाठीचा दर वेगळा, थिएटर आणि टीव्हीचा वेगळा.

५. शो-रील: "जाहिरात प्रसिद्ध झाल्यावर ६० सेकंदांपर्यंतचा भाग व्हिडिओग्राफर स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकेल." सेलिब्रिटी असेल तर त्यांच्या मॅनेजरची संमती शूटच्या आधी मेलवर घ्या. ती मिळणार नसेल तर दर वाढवा, कारण तुमची अर्धी कमाई तिथेच कमी झाली.

पुढे काय झालं?

त्याने भांडण केलं नाही. रील लगेच काढली, माफी मागितली आणि शेठजींना भेटून विनंती केली. पब्लिक नाही, पण नवीन ग्राहकाला प्रायव्हेट लिंकवर दाखवायला शेठजी आणि मॅनेजर दोघांनी मेलवर होकार दिला. तीच लिंक बघून एका साडीच्या दुकानाने त्याला बोलावलं. या वेळी कोटेशन होतं ६५,००० चं, पाचही ओळींसकट. दुकानदाराने घासाघीस केली, ६०,००० वर ठरलं. पण एकही ओळ खोडली गेली नाही.

परवा त्याचा फोन आला. मी नेहमीचा प्रश्न विचारायच्या आत तोच म्हणाला, "सर, साठातले माझे एकतीस. आणि शो-रीलची परवानगी मेलवर आलीय."

बघा, नाव झालंच की! पण वही उघडी ठेवून झालं.

आजचं काम: तुमचं शेवटचं सगळ्यात 'मोठं' काम घ्या. मिळकत, खर्च आणि लागलेले दिवस एका कागदावर लिहा. दिवसाला किती पडले तो आकडा काढा आणि कमेंटमध्ये फक्त तो आकडा लिहा. कमी आला तरी लाजू नका. आकडा दिसला की पुढचं कोटेशन आपोआप बदलतं.

भेटू पुढच्या लेखात. तोपर्यंत काम करत राहा, हिशोब ठेवत राहा!