खिडकीबाहेरची आई : ‘स्टेला डॅलस’ या चित्रपटाविषयी

श्रीमंत घरचा तरुण, कामगार वस्तीतली मुलगी, दोघांचे प्रेम आणि शेवटी लग्न! ही गोष्ट आपण पडद्यावर इतक्या वेळा पाहिली आहे की चित्रपटगृहाबाहेरचे पोस्टर पाहूनसुद्धा ती सांगता येईल. लग्नाच्या वाजंत्रीबरोबर ती संपते. त्यानंतर त्या मुलीला नवऱ्याच्या मंडळींत बसता-उठता आले का, तिच्या बोलण्याला कोणी हसले का, तिच्या मुलांनी पुढे तिच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हॉलिवूडने मात्र मूकपटांच्या जमान्यातच हे प्रश्न विचारणारा एक चित्रपट काढला आणि बारा वर्षांनी तोच पुन्हा बोलपट म्हणून काढला. त्याचे नाव ‘स्टेला डॅलस’.

मूळ कादंबरी ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी या लेखिकेची. ती १९२३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. लेखिका अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरची, म्हणजे गिरण्या-कारखान्यांच्या मुलखातली. सॅम्युएल गोल्डविन या निर्मात्याने १९२५ मध्ये कादंबरीवर मूकपट काढला. हेन्री किंग हा त्याचा दिग्दर्शक, पटकथा फ्रान्सिस मॅरियन या लेखिकेची आणि स्टेलाच्या भूमिकेत बेल बेनेट. पुढे १९३७ मध्ये गोल्डविननेच किंग व्हिडॉर या दिग्दर्शकाकडून त्याचा बोलपट करून घेतला. त्यात स्टेला झाली बार्बरा स्टॅनविक, तिचा नवरा जॉन बोल्स आणि मुलगी अ‍ॅन शर्ली. त्याच वर्षी ही कथा रेडिओवर मालिका म्हणून सुरू झाली आणि १९५५ पर्यंत चालली. १९९० मध्ये बेट मिडलर या अभिनेत्रीला घेऊन तिसरा चित्रपटही निघाला. एकच गोष्ट लोकांना पुन्हा पुन्हा पाहावीशी आणि ऐकावीशी वाटते, तेव्हा तिने कुठल्या तरी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलेले असते. ती जागा कोणती, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे. मी येथे मुख्यतः १९३७ च्या बोलपटाविषयी लिहीत आहे. इंग्रजी संभाषण कानाला अजून सरावलेले नसल्यामुळे तो मी थांबवून थांबवून पाहिला, आणि त्याचा एक फायदा असा झाला की माणसे काय बोलतात यापेक्षा ती काय नेसतात, कशी बसतात, कुठे पाहतात याकडे माझे लक्ष अधिक गेले. या चित्रपटाचा सगळा अर्थ तिथेच दडलेला आहे, असे मला वाटते.

कथा थोडक्यात अशी. १९१९ सालचे एक गिरणगाव. स्टेला मार्टिन ही गिरणीकामगाराची मुलगी. गिरणीत वरच्या जागेवर काम करणारा स्टीफन डॅलस हा एका धनिक घराण्यातला. पण बापाने सारी संपत्ती गमावून आत्महत्या केली, म्हणून हेलन नावाच्या वाग्दत्त वधूला मागे ठेवून तो या गावी आला आहे. भावाचा जेवणाचा डबा पोचवण्याच्या निमित्ताने स्टेला त्याच्या कचेरीत जाते. ओळख होते. दोघे सिनेमाला जातात. सिनेमाहून परतताना ती म्हणते, मला तुमच्या मंडळींसारखे व्हायचे आहे, त्यांच्यासारखे बोलायचे-वागायचे आहे. तो म्हणतो, कशाला? तू आहेस तशीच राहा. लग्न होते, आणि ‘आहेस तशीच राहा’ म्हणणारा हाच गृहस्थ लवकरच तिचे बोलणे, तिचे दागिने, तिचे मोठ्याने हसणे दुरुस्त करू लागतो. पुढे तो नोकरीसाठी न्यूयॉर्कला जातो. स्टेला मुलीला, लॉरेलला, घेऊन मागेच राहते. घटस्फोट नाही, पण संसारही नाही.

यानंतर चित्रपट नवरा-बायकोचा राहत नाही. तो आई आणि मुलीचा होतो. त्यातील तीन प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

पहिला प्रसंग लॉरेलच्या वाढदिवसाचा. टेबल मांडले आहे, पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या आहेत. पण कोणीच येत नाही. एकामागून एक नकाराचे निरोप तेवढे येतात. कारण काय, तर लॉरेलच्या बाईंनी आगगाडीत स्टेलाला एड मन नावाच्या एका उडाणटप्पू मित्राबरोबर खिदळताना पाहिलेले असते. गुन्हा आईचा, तोही हसण्याचा, आणि शिक्षा मुलीला! अखेर मायलेकी दोघीच त्या मांडलेल्या टेबलाशी जाऊन बसतात.

दुसरा प्रसंग श्रीमंतांच्या एका विश्रामस्थळावरील हॉटेलातला. तिथे लॉरेलला तिच्या वयाची मंडळी भेटतात, रिचर्ड नावाचा मुलगा तिच्या प्रेमात पडतो. इतके दिवस आजारपणामुळे खोलीत असलेली स्टेला एके दिवशी आपल्याकडचे सारे काही अंगावर चढवून बाहेर पडते. झालरी, फुले, बांगड्या! सगळे हसतात. लॉरेल मित्रमैत्रिणींबरोबर बसलेली असताना तिला समोरच्या आरशात आई येताना दिसते. ती तिथून पळ काढते आणि त्याच दिवशी आईला घेऊन हॉटेल सोडते.

तिसरा प्रसंग त्याच रात्रीचा, परतीच्या आगगाडीतला. लॉरेल वरच्या बर्थवर, स्टेला खालच्या. पडद्यापलीकडे काही मुली स्टेलाची टिंगल करीत असतात, आणि दोघीही ते ऐकतात. आईने ऐकले तर नसेल ना, म्हणून लॉरेल हळूच खाली उतरते आणि तिच्या कुशीत शिरते. मुलीला कळू नये म्हणून स्टेला झोपेचे सोंग घेते. दोघीही एकमेकींना वाचवीत आहेत, आणि दोघींनाही सर्व ठाऊक आहे. मूकपटात असले कानांवर पडलेले बोलणे पाट्यांवर लिहून दाखवावे लागे. बोलपटात ते नुसते आवाज म्हणून येते. बोलणारी माणसे नव्हे, ऐकणारी माणसे आपल्याला दिसतात, आणि म्हणून ते आपल्याही जिव्हारी लागते.

या रात्रीनंतर स्टेला हेलनकडे जाते. हेलन आता विधवा आहे आणि तीन मुलांची आई आहे. मी घटस्फोट देते, तुम्ही स्टीफनशी लग्न करा, लॉरेलला तुमच्या घरी ठेवा. लोकांना ती तुमचीच मुलगी वाटेल, अशी तिची मागणी. लॉरेलला हे कळताच ती ते घर सोडून आईकडे परत येते. तेव्हा स्टेला शेवटचे अस्त्र काढते. ग्रामोफोनवर कर्कश गाणे, हातात सिगारेट, समोर प्रेमकथांचे मासिक, आणि तोंडी भाषा अशी की मला आता तू नकोस, मला एड मनशी लग्न करून मजा करायची आहे. मुलीचा विश्वास बसतो आणि ती निघून जाते. शेवटी लॉरेलचे रिचर्डशी लग्न होते. स्टेलाची चाल एकट्या हेलनने ओळखलेली असते; म्हणून ती दिवाणखान्याच्या खिडकीचे पडदे उघडे ठेवायला सांगते. बाहेर पावसात, लोखंडी कुंपणापाशी, बघ्यांच्या गर्दीत स्टेला उभी. पोलीस सर्वांना हाकलतो. वधूचा चेहरा एकदा पाहू द्या, एवढीच विनवणी ती करते. मग हातरुमाल दातांत धरून, भरल्या डोळ्यांनी पण हसत, ती कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येते. चित्रपट संपतो.

हा शेवट पाहून रडू न येणारा माणूस विरळाच. पण रडू ओसरल्यावर काही प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न असा, की या कथेत खलनायक कोण? स्टीफन दुष्ट नाही. हेलन तर चांगुलपणाची मूर्तीच आहे. रिचर्ड लॉरेलवर मनापासून प्रेम करतो. कोणीही कोणाला मारीत नाही, लुबाडीत नाही. तरीसुद्धा एक आई आपल्या मुलीला पारखी होते. हे घडवून आणते ती एक न दिसणारी रेघ. कोणती झालर ‘शोभते’ आणि कोणती ‘भडक’ दिसते, किती मोठ्याने हसावे, हे ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, ते रेघेच्या आत. बाकीचे बाहेर. पैसा एखादे वेळी मिळवता येतो, स्टीफनच्या बापासारखा गमावताही येतो. पण बाप भिकेला लागूनही स्टीफन रेघेच्या आतच राहिला, आणि डॅलस हे नाव लावूनही स्टेला बाहेरच राहिली. हा चित्रपट आला तेव्हा १९२९ च्या महामंदीतून अमेरिका पुरती सावरलेली नव्हती. त्या काळच्या तिकीट काढणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींना ही रेघ चित्रपटात पाहायची गरज नव्हती. ती त्यांच्या रोजच्या रस्त्यावर होती.

दुसरा प्रश्न : स्टेलाला हे खरोखरच कळत नव्हते का? वरवर पाहता ती एक बावळट, हौशी बाई वाटते. पण एका नाताळच्या दिवशी स्टीफन मुलीला न्यायला येतो, तेव्हा ती साधा काळा पोशाख निवडते आणि त्यावरची झालर काढून टाकते. स्टीफन क्षणभर विरघळतोसुद्धा. मग दारू प्यालेला एड मन येऊन टपकतो आणि सगळे विसकटते. शिवाय लॉरेलचे कपडे ती स्वतः शिवते, आणि ते कोठेही भडक नाहीत. म्हणजे साधे काय आणि भपकेबाज काय, हे तिला नीट समजते. अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याच मुद्द्यावर भर दिला आहे. त्याआधी १९८४ मध्ये लिंडा विल्यम्स या अभ्यासिकेने असे मांडले होते की, प्रेक्षक स्त्री या चित्रपटात एकाच पात्राच्या बाजूने उभी राहत नाही. ती आईचेही पाहते, मुलीचेही पाहते, आणि म्हणून नुसती शरणागती पत्करीत नाही.

बार्बरा स्टॅनविकच्या अभिनयाला हे भान आहे. तिचे मूळ नाव रूबी स्टीव्हन्स. ब्रुकलिनमधल्या गरीब घरात १९०७ साली तिचा जन्म झाला. ती चार वर्षांची असताना आई गेली, बाप घर सोडून गेला, आणि ती बहिणीकडे व परक्यांच्या घरी वाढली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. तिने स्टेलाला हास्यास्पद होऊ दिले, पण हास्यास्पदतेच्या आतली शहाणी बाई कधी झाकू दिली नाही. या भूमिकेसाठी तिचे नाव ऑस्करच्या यादीत होते. पारितोषिक मात्र मिळाले नाही. चार वेळा नामांकन होऊनही ते तिला कधीच मिळाले नाही; १९८२ मध्ये सन्मान म्हणून देण्यात आले.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्टेलाच्या त्यागाला आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा कोणाची सुटका करतो? वाढदिवसाला न आलेल्यांना आपण काही विचारीत नाही. आईचा त्याग थोर म्हटला की त्याग करायला लावणारे आपोआप निर्दोष ठरतात. आणि लॉरेलचे काय? तिने आईला एकदाही धिक्कारलेले नाही. हेलनचे मोठे घर सोडून ती परत आली होती. निर्णय तिने घेतला होता; तो खोटे बोलून तिच्याकडून काढून घेण्यात आला. आपल्या लग्नाला आई का आली नाही, हा सल घेऊन ती बोहल्यावर उभी राहते.

माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी आई माझ्याबरोबर आली होती. कार्यालयापाशी पोचल्यावर ती म्हणाली, “तू जा आत. मी हितंच उभी राहते, माझं काय काम तिथं?” तिला कोणीही अडवले नव्हते. माझ्या वर्गातल्या अनेकांच्या घरी थोड्याफार फरकाने हेच घडले असेल. शिकलेली मुले घरी नवे शब्द नेतात, नवी लाज नेतात, आणि आया आपण होऊन दोन पावले मागे सरकतात. त्याला आपण त्यांचा समंजसपणा म्हणतो.

‘स्टेला डॅलस’ला नुसता रडका चित्रपट म्हणून बाजूला टाकू नये, ते यासाठी. शिक्षणाने आणि पैशाने वर चढणाऱ्या माणसाला तो एक हिशेब दाखवतो : वर चढण्याची किंमत बहुधा चढणारा भरीत नाही, खाली राहिलेले कोणीतरी भरते, आणि पावतीसुद्धा मागत नाही. तो हिशेब अटळ आहे असे चित्रपट म्हणतो. मला ते मान्य नाही. हेलनने पडदे उघडे ठेवायला सांगितले, हा तिचा मोठेपणा. पण पडदा सरकवून आईला आत घेता येत नाही. त्यासाठी दारच उघडावे लागते, आणि ते आत पोचलेल्यांनी उघडायचे असते.